तीन वाजले की नेट अडतं

खांबावर चढलेल्या माणसाला खाली बोलवायचं तर आधी नाव विचारावं, पण महरीनला तेवढा धीर नव्हता. तीन वाजून सात मिनिटं झाली होती, तिचा गणिताचा ऑनलाइन वर्ग मधेच अडकला होता आणि राजिवड्याच्या त्या गल्लीत हा एकच माणूस इंटरनेटच्या वायरीला हात लावून बसला होता.

"काय कापलंत तुम्ही?" तिनं खालूनच विचारलं.

काहीच नाही, शेजारच्यांचं नवीन कनेक्शन ओढतोय, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं वाकून तिच्याकडे पाहिलं... आणि त्याच्या हातातली पक्कड निसटली. महरीननं ती उचलली, पण परत दिली नाही. आधी माझं नेट बघा, मग पक्कड, असं तिनं सांगून टाकलं. अद्नान त्या घरात पहिल्यांदा आला तो असा, पकडीच्या मागोमाग.

महरीन पुण्याच्या एका शिकवणी कंपनीसाठी घरून शिकवायची, तीन ते चार. नेमकं तेव्हाच नेट धापा टाकायचं. या आठवड्यात वर्ग पुन्हा तुटला तर नोकरी संपली, असं कंपनीनं कळवलं होतं. कुवेतला असलेला तिचा मोठा भाऊ सुलेमान त्याचीच वाट बघत होता. नोकरी गेली की दाभोळच्या स्थळाला हो म्हणायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि अब्बा गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चालायचा. दाभोळचा मुलगा तसा वाईट नव्हता. महरीनला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं, एवढंच. आणि एवढं कारण पुरतं, असं तिचं ठाम मत होतं. माझंही आहे.

राउटर बघून अद्नानला हसू आवरेना. अम्मीनं तो शोकेसमध्ये, कुवेतच्या डिनर सेटच्या मागे ठेवला होता, वर क्रोशाचा रुमाल घालून. परदेशातून आलेली वस्तू शोकेसमध्येच जायची, हा त्या घराचा कायदा. त्यानं राउटर बाहेर काढून उंच फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळभर नेट छान चाललं. तीन वाजता मात्र पुन्हा रखडलं – वर्ग तुटला नाही, इतकंच.

अद्नान पुन्हा आला. लॅपटॉप वायरीनं थेट जोडून त्यानं बाहेरची लाइन ठीक असल्याची खात्री केली आणि मग घरात काय काय जोडलंय ते मोजलं.

"एकोणीस," तो म्हणाला. "आणि माणसं?"

"दोन. अम्मी आणि मी."

सुलेमान दर सुट्टीला एक नवी वस्तू आणायचा, त्याचा हा प्रताप. अद्नान एकेक बंद करत गेला, महरीन प्रत्येक वेळी वेग लिहून घेत गेली. दोघांची डोकी एकाच कागदावर वाकलेली... अत्तराचा मंद वास कुणाचा, हे विचारायचं दोघांनीही टाळलं.

"तुमचा फोन पण काढू?"

"काढा. पण मग मला मेसेज कसा पाठवणार?"

त्याचं बोट तसंच थांबलं. "राहू दे मग..."

बुधवारी सगळं बंद होतं, फक्त सुलेमाननं घरात आणि फाटकावर लावलेले चार कॅमेरे चालू. तीन वाजले आणि वेग धपकन खाली आला.

"कुणीतरी चारही कॅमेरे एकदम उघडतंय," अद्नान म्हणाला. "घरातनं बाहेर जाणारा सगळा वेग तेच खातात."

कुवेतला तेव्हा साडेबारा वाजतात. सुलेमानची जेवणाची सुट्टी. डबा उघडून तो घर बघत जेवत होता. पण महरीननं मान वर केली, तर बैठकीतला कॅमेरा बरोबर तिच्याच खुर्चीवर रोखलेला. कॅमेऱ्यांचं चित्र हळूच कमी स्पष्ट करतो, भावाला कळणार पण नाय, असं अद्नान म्हणाला. ती म्हणाली, "गुपचूप काय करायचं नाय."

गुरुवारी पावणेतीनला तिनं सुलेमानला फोन लावला आणि कॅमेरा उघडायला सांगितला.

"भाई, फाटकावरचा राहील. घरातले तीन आजपासून बंद. आणि दाभोळला नाय म्हणून कळव. नोकरी राहो, नायतर जावो."

"तो वायरवाला तिथे कशाला?" सुलेमानचा आवाज चढला. "चार दिवस बघतोय मी."

"अद्नान नाव त्याचं. मला आवडतो. त्याला अजून विचारलं नाय, आता विचारणार हाय."

अद्नान दाराशी खिळून उभा. महरीननं फोन ठेवला, स्टुलावर चढली आणि कॅमेऱ्याची वायर ओढून काढली. यापुढचं कुवेतला दिसायची गरज नव्हती.

"सांग आता," ती वरूनच म्हणाली. "वर्गाला दहा मिनिटं हायत."

"हो म्हणायला दहा मिनिटं कशाला?" त्यानं विचारलं. "घरच्यांना घेऊन येतो. तुझा भाऊ नाय म्हणाला तर परत येतो... तरी नाय म्हणाला तर परत."

तेवढ्यात स्वयंपाकघरात अम्मीचा फोन वाजला. सुलेमानच असणार. दोघंही ऐकत राहिले. अम्मीनं त्याला पुरतं बोलू दिलं.

"जेवलास काय आधी?" मग तिनं विचारलं. "जेव. आणि ऐक – पोरगा मला पण पसंत हाय."