खविसाची कमजोरी

"वीस! वीस पडले! ड्रॅगन खलास!" शेजारचा शुभम पडवीत उड्या मारत ओरडला.

"मेला बिचारा," स्नेहल जांभई देत म्हणाली. "पण यशराज, तुझा हा ड्रॅगन राहतो तरी कुठे?"

"बर्फाच्या डोंगरात. बुकमध्ये लिहिलंय ना!"

"अरे, पोलादपुरात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतो!"

शुभम खो खो हसला. यशराजचं तोंड एवढंसं झालं. यशराज म्हणजे स्नेहलचा आत्येभाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत तो घणसोलीहून मामाच्या वाडीवर आला होता आणि सोबत हा खेळ घेऊन आला होता. खेळ मोठा मजेदार! एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं. वार बसला की हुकला, हे ठरवायला वीस बाजूंचा फासा. आणि लढायला एक जाडजूड पुस्तक भरून राक्षस! प्रत्येक राक्षसाच्या तीन गोष्टी त्यात दिलेल्या: ठिकाण, ताकद आणि कमजोरी.

"राक्षस झकास आहेत रे, पण एकाचीही भीती वाटत नाही," स्नेहल म्हणाली. "त्यापेक्षा आपण आपल्या भुतांचा संग्रह करू! बनुआजीकडे ढिगाने भुतं आहेत."

बोलायचा अवकाश, शुभमने घरातल्या जुन्या लग्नपत्रिका शोधून आणल्या. पत्रिकेची छापलेली बाजू वधूवरांची, कोरी बाजू भुताची! असा बेत करून तिघं वाडीच्या वरच्या टोकाला निघाली.

बनुबाईचं घर अगदी शेवटचं. तिथून पुढे झऱ्याची पायवाट. म्हातारी एकटीच राहायची आणि कानाने ठार बहिरी होती. तिच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या वाडीला ऐकवायचं! पण भुतांचं नाव काढल्यावर ती अशी खुलली की विचारू नका.

"चकवा? चकवा माणसाची वाट चुकवतो. मग धावायचं नाय रे! खाली बसायचं, चपला उलट्या पायात घालायच्या. गिऱ्हा ऱ्हातो डोहात. त्याची शेंडी हाती आली, का तो आपला गडी! आन् झऱ्यावर हाय राखणदार. उंबरापास्नं झऱ्यापातुर त्याची हद्द. तो कुनाला तरास देत नाय, वर्साचा नारळ घेतो. पर त्याच्या हद्दीत दुसऱ्या भुताची पाय ठेवायची टाप नाय!"

शुभम भराभर चित्रं काढत होता. स्नेहलचं लक्ष मात्र ओट्यावरच्या हंड्याकडे गेलं. हंडा कोरडा ठणठणीत होता.

वाडीची एक रीत होती. झऱ्यावरून पाणी आणणाऱ्या प्रत्येकीने पहिली कळशी बनुबाईच्या हंड्यात ओतायची, मग आपल्या घरी जायचं. म्हातारीला चढण चढवत नव्हती, पण ह्या रीतीमुळे तिचं कधी अडलं नव्हतं. आता मात्र झऱ्यावर दिवसासुद्धा कुणी फिरकत नव्हतं. दिवेलागणीला तिथे खवीस गुरगुरतो म्हणे! बाया नदीवरून पाणी आणायला लागल्या होत्या. सगळ्यांचे हाल चालले होते, पण बनुबाईच्या घरावरून आता कुणाची वाटच जात नव्हती.

"आजी, तुला आवाज येत नाही खविसाचा?" स्नेहल ओरडून म्हणाली.

"मला कोंबडा आरवलेला ऐकू येत नाय, खवीस कुठला येतो!" बनुबाई हसली, मग हंड्याकडे बघत म्हणाली, "माझा पोरगा अनिल येतोय रविवारी. नालासोपाऱ्याला नेतो म्हनतो मला, हितं पानी नाय म्हनून. चौथ्या माळ्यावर मी काय करू गो? तिथं बोलायला भूतसुदीक नाय!"

स्नेहलने घरून आणलेली पाण्याची बाटली गुपचूप हंड्यात रिकामी केली. हंड्याचा तळसुद्धा भिजला नाही.

"खविसाचं कार्ड करायचंच!" खाली उतरताना ती ठासून म्हणाली. "आणि त्याची कमजोरी शोधायचीच!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघर चौकशी केली. एकीने सांगितलं खवीस काळा आहे, दुसरी म्हणाली पांढरा. कुणी म्हणे त्याला कोंबडं लागतं, कुणी म्हणे नुसती विडी चालते. पाहिला कुणी? छे! सगळ्यांनी ऐकलेलंच. पहिल्यांदा कुणी सांगितलं, असं विचारत गेलं की मात्र सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळत होती: महिपतीकाका! ते दीड वर्षापूर्वी मुंबईची नोकरी सुटल्यावर गावी परतले होते. टेकाडापलीकडे त्यांनी आंब्याची कलमं लावली होती.

पडवीत वाडीचा नकाशा पसरला. त्यावर ज्याच्या त्याच्या ठिकाणी भुतांची कार्डं मांडली. गिऱ्हा डोहावर, चकवा माळावर, राखणदार झऱ्यावर. खविसाचं कार्ड ठेवायला गेलेला स्नेहलचा हात हवेतच थांबला.

"अरे, हे कसं? एकाच झऱ्यावर दोघं? एका म्यानात दोन तलवारी! आजीने काय सांगितलं? राखणदाराच्या हद्दीत दुसऱ्याची टाप नाही!"

"मग खवीस एकदम पॉवरफुल असेल," यशराज म्हणाला.

"कसला पॉवरफुल! काल तर आलाच नाही," शुभम म्हणाला. "मी अंगणात बसून वाट बघत होतो. मुद्दाम बसलो होतो, कारण टीव्ही बंद होता. काल लाईट नव्हती ना!"

स्नेहलने त्याच्याकडे पाहिलं. मग कार्डाकडे पाहिलं. "शुभम, परवाच्या मंगळवारी पण लाईट गेली होती. तेव्हा?"

"तेव्हाही गप्पच होता की!"

"अरे, मग ह्या भुताला लाईट लागते!"

भर उन्हात तिघं झऱ्यावर पोचली. उंबराखाली सगळीकडे वाळका पाला होता, पण एका जागी जरा जास्तच नीट पसरलेला. यशराजने काठीने तो बाजूला सारला. खाली काळा पाइप! दगडांच्या कपारीत पाण्याची मोटर, वर कोंबड्यांचं डालगं झाकलेलं. काल मोटर चालली नव्हती, म्हणून झऱ्याची कुंडी काठोकाठ भरली होती.

"वायरला हात लावायचा नाही हं!" स्नेहलने बजावलं. पाइपाच्या मागोमाग तिघं टेकाड चढली आणि करवंदीच्या जाळीआडून खाली डोकावली.

खाली महिपतीकाका डब्याने एकेका कलमाला पाणी घालत होते. "पी रे बाबा," ते एका सुकल्या रोपाला म्हणत होते. "तू तरी मला तोंडावर पाडू नको."

यशराज कुजबुजला, "चोर पकडा गया! चला, सगळ्यांना सांगू!"

स्नेहल लगेच उठली नाही. तिला काकांचा राग आला होता, पण नजर त्या वाळक्या काड्यांवरून हटत नव्हती. बोभाटा केला तर चिडलेले लोक पाइप उपटून फेकणार आणि कलमं जळणार. गप्प राहिलं तर बनुआजी जाणार.

"आपण नाही सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "त्यांनी स्वतःच सांगायला हवं. स्वतःहून कबूल केलं, तर माणसं जरा दमानं घेतात."

रविवारी सकाळी देवळाच्या पारावर अख्खी वाडी जमली होती. अनिल आला होता. बनुबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. वाडीतले सगळ्यांत वडीलधारे येसाजीबाबा तिची समजूत काढत होते, पण म्हणजे काय, नुसतं ओरडत होते.

"बाबा, जायच्या आधी आजीला आमचा खेळ दाखवू?" स्नेहलने विचारलं. बाबांनी मान डोलावली. नकाशा पसरला. महिपतीकाका पाराच्या कडेला टेकले होते, तेही वाकून बघू लागले.

स्नेहलने गोष्टीला हात घातला. "तीन वीर झऱ्यावर पोचले. वैशाखाचं ऊन! समोर उंबर. उंबराखाली पाला. पाल्याखाली काय? खविसाची शेपटी! काळी, लांबलचक, थेट टेकाडापलीकडे गेलेली!"

महिपतीकाकांनी उगाच टोपी काढली, पुन्हा घातली.

"शुभमवीर कोयता उगारतो! पंधराच्या वर पडले तर शेपटी तुटली!"

शुभमने फासा टाकला. चार! "हुकला!" पोरं ओरडली. काकांनी केवढा तरी मोठा उसासा सोडला.

"आता यशराजवीर! दोन्ही हातांनी कोयता धरतो!"

फासा गडगडत गेला, बनुबाईच्या गाठोड्याला आपटून थांबला. सतरा!

"बसला वार! खविसाच्या शेपटीचे दोन तुकडे!" स्नेहल गरजली. "पाणी भळाभळा वाहायला लागलं!"

"अरे, तोडलीत?" महिपतीकाका ताडकन उठले. "नवी कोरी हाय ती! आता माझी कलमं कशी जगायची रे!"

पारावरची सगळी डोकी काकांकडे वळली. काकांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते. ते मटकन खाली बसले.

"आम्ही खरी नाही तोडली काका," स्नेहल हळूच म्हणाली. "खेळातली तोडली."

मग काकांनीच सगळं सांगितलं. दिवसा बाया पाण्याला येतात, म्हणून त्यांनी दिवेलागणीला मोटर लावली. एक दिवस कुणीतरी आवाज ऐकून विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, 'खवीस असंल.' "एकीला बोललो, तर अख्खी वाडी घाबरली! मग सांगायची लाज वाटली. मुंबईची नोकरी गेली, आता कलमंबी गेली तर लोक काय म्हनतील? म्हातारीच्या हंड्याचं ध्यानातच आलं नाय. चुकलो!"

दोघे-तिघे तावातावाने उठले होते, त्यांना येसाजीबाबांनी हाताच्या खुणेने खाली बसवलं.

"मागितलं असतंस, तर नाय म्हनलं असतं का रे आम्ही?" बाबा म्हणाले. "आधी घरांचं पानी, मंग गुरांचं. सांजच्याला कुंडीत उरंल ते तुझ्या कलमांना, आन् कुंडी अर्धी झाली का मोटर बंद! पर आम्हीबी शहाने नाय. ऐकलं का पळत सुटलो. उन्हाळे-पावसाळे आम्ही बघितले, आन् डोकं चालवलं ह्या पोरांनी! शाब्बास रे! शाब्बास गो स्नेहल!"

अनिलने तिघांच्या पाठीवर थाप मारली. "मी आईला पाणी नाही म्हणून नेत होतो. पाणी आहे, तर ती इथेच बरी. आणि खरं सांगू? मलाही तिला तिथे करमेल असं वाटत नव्हतं."

यातलं एक अक्षरही बनुबाईला ऐकू आलं नव्हतं. ती आपली गाठोडं घट्ट धरून बसलेली. स्नेहलने ते तिच्या मांडीवरून उचललं आणि तिच्या कानाशी जाऊन जीव खाऊन ओरडली, "आजी, तू कुठे जात नाहीयेस!"

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

आदल्या संध्याकाळी मोटरने उपसलेली कुंडी दुपारपर्यंत भरत आली. पायवाटेवर पुन्हा बायांची रांग लागली. सगळ्यांत पुढे होते महिपतीकाका, खांद्यावर कळशी घेऊन. पुरुषाने पाणी भरलेलं बघून बाया पदराआड हसत होत्या, पण काकांनी लक्ष दिलं नाही. पहिली कळशी त्यांनी बनुबाईच्या हंड्यात ओतली.

शुभमने बनुबाईच्या ओट्यावर बसून खविसाच्या कार्डावर 'कमजोरी' पुढे लिहिलं: लाईट गेली की गप्प. यशराज म्हणाला, "पण खवीस तर फेक निघाला. कार्ड फाडून टाकू?"

त्याने कार्ड धरलेलं बघूनच बनुबाईला कळलं. "फाडू नको रे!" तिने कार्ड काढून घेतलं आणि हंड्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. "त्याच्यापायी आज अख्खी वाडी माझा हंडा भरून गेली."