देवळापुढची माती

तिसऱ्यांदा तो माती घेऊन आला, तेव्हाही ती चुकीचीच होती.

"झाडाखालची माती चालत नाही, हे मी दोनदा सांगितलंय," मी म्हटलं. बारामतीच्या आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत इतका निवांत शेतकरी मी पाहिला नव्हता.

"मॅडम, हिच्यात झाड कुठं दिसलं तुमाला?"

"लिंबाच्या काड्या दिसल्या."

तो हसला. शेळगावचा ऋषिराज, ड्रोननं उसावर फवारणी करणारा. हसताना आधी खाली बघायचा, मग माझ्याकडे... आणि मला उगाच चष्मा पुसावासा वाटायचा.

मातीत लोकरीचे दोन धागे होते आणि बारीक पिवळे कण. ते कण मी काचेवर घेतले, वर चुन्याच्या निवळीचा थेंब सोडला. कण लाल झाले.

"आयला! रगात?"

"हळद. भंडारा आहे हा. ही माती शेतातली नाही, देवळापुढची आहे."

त्याचं हसू विरलं. "बिरोबाच्या देवळाफुडची. शेताला लागूनच हाय. नमुना घ्याया निघतो, आन पाय तिकडंच वळत्यात..."

मग त्यानं सांगितलं. आजोबा, गेणबा, चाळीस वर्षं देवापुढं ओव्या गात आले. यंदा त्यांचा घसा बसला, तो सुटलाच नाही. आता गाताना खांद्यावर घ्यायची घोंगडी नातवानं घ्यावी, असं त्यांच्या मनात. रविवारी जत्रा. हा उभा राहिला नाही, तर स्पीकरवर आजोबांचं जुनं रेकॉर्डिंग लावणार होते.

"गाता येत नाही तुम्हाला?"

"येतं की. ड्रोन उडवताना त्वांडात त्येच असतंय. पण चारचौघांत... दोस्त म्हणत्यात, रिमोट टाकून घोंगडं घेतो व्हय रं? आन देवाचं काम हाय, मॅडम. चुकलं तर?"

"इथं तीनदा चुकलात. तेव्हा नाही भीती वाटली?"

"हितं तुमी हुता."

मी मातीची पिशवी बांधून त्याला परत दिली.

"रविवारी पण असेन," मी म्हटलं. "पुढंच बसेन."

रविवारी दुपारी देवळापुढच्या लिंबाखाली ढोल थांबले. खांद्यावर घोंगडी घेऊन तो उभा राहिला — आणि शब्दच फुटेना. मागं कुणीतरी खुसखुसलं. त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. मी चष्मा काढून पुसला. काच पुन्हा डोळ्यांवर येईपर्यंत त्याचा आवाज लिंबाच्याही वर गेला होता. गेणबा आबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ नातवाबरोबर हलत होते.

भंडारा उधळून झाल्यावर तो माझ्याकडे आला. हात कोपरापर्यंत पिवळे.

"चुकलं का कुठं?"

"दोनदा, असं आबा म्हणाले. पण उठून कुणीच गेलं नाही."

"मॅडम... त्ये चुन्याचं पाणी आणलंय का?"

"कशाला?"

"भंडारा लाल करायचाय." या वेळी त्यानं खाली पाहिलं नाही. "तुमच्या कपाळापुरता."

उत्तर तयार होतं.

"पुढच्या रविवारी आबांना घेऊन आमच्या घरी या. वडिलांशी बोला. आणि ऋषिराज —"

"व्हय?"

"येताना माती आणा. शेतातली."