पहिल्या दिवशी फक्त उभं राहायचं

त्याच्या सूचनेवर मी लाल पेनाने काट मारत होते आणि तो माझ्या मागेच उभा होता. मला कळलं ते क्लोरीनच्या वासावरून.

"चुका सापडल्या का?"

मी दचकून वळले. ओले केस, खांद्यावर टॉवेल आणि कानाच्या पाळीला लोंबणारा एक थेंब… पडावं की नाही, अशा विचारात असलेला. जिन्याजवळच्या फलकावर ही सूचना लावणारा माणूस हाच, हे वेगळं सांगायला नको होतं.

"चूक अशी नाही," पेनाला टोपण लावत मी म्हटलं. "पण ‘प्रौढ जलतरण प्रशिक्षण वर्ग, प्रवेश सुरू’… हे वाचून पाण्यात उतरावंसं कुणाला वाटेल? मला तर नुसतं फॉर्म भरायचंच दडपण आलं."

"मग काय लिहायला हवं?"

"ते करून बघितल्याशिवाय नाही सांगता येत."

"वा! म्हणजे खोडायला तुम्ही तयार, लिहायला नाही."

त्याचे डोळे हसत होते, तोंड मात्र गंभीर. थेंब अखेर पडला. आणि जिचं पोटच शब्दांवर चालतं अशी मी, पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत राहिले.

आमचं ऑफिस त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं, खाली बंदिस्त तलाव. माझ्या टेबलाशेजारच्या काचेतून तो थेट दिसायचा. सकाळचं ऊन पाण्यावर पडलं की आमच्या छतावर निळसर उजेडाच्या लाटा हलत राहायच्या, आणि त्या बघता बघता माझी कॉफी निवून जायची. त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत. इतके दिवस तो मला वरून दिसणारं एक काळं डोकं होता, बस.

माझं काम त्याला समजावायला दोन कप कॉफी लागली. लोक इंटरनेटवर काहीतरी शोधतात, समोर पानांची यादी येते, प्रत्येक पानाची एक ओळ असते. शीर्षकाची. त्या ओळीवर बोट टेकवायचं की पुढे जायचं, हे माणूस पापणी लवायच्या आत ठरवतो. मी त्या ओळी लिहिते. एक लावून ठेवते, शंभर जणांना दिसली तर किती जणांनी क्लिक केलं ते बघते, मग शब्द बदलते, पुन्हा बघते.

"दिवसभर हेच?" त्याने विचारलं.

"दिवसभर हेच."

"एकच ओळ?"

"तुम्ही नाही का दिवसभर एकाच पाण्यात असता?"

तेव्हा तो हसला. मान मागे टाकून, मोकळा. मला उगाचच वाटलं, हे हसू आपण मिळवलंय.

हसणं ओसरल्यावर त्याने खरं काय ते सांगितलं. सकाळी सातचा मोठ्या माणसांचा वर्ग दोन महिन्यांत बारा जणांचा झाला नाही, तर व्यवस्थापक ती वेळ शर्यतीच्या संघाला देणार होते. वर्गात होते चार. त्यातल्या एक निवृत्त नर्सबाई, वय सत्तर. त्यांनी मागच्याच आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा तोंड पाण्यात बुडवलं होतं.

"त्यांना मी काय सांगू? आता घरी जा म्हणून?"

"तलावाची वेबसाइट आहे ना? तिचं शीर्षक बदलून बघू," मी म्हणून बसले. "माझं काम आटोपल्यावर. रोज थोडा वेळ."

"ठीक आहे, शीर्षकबाई."

हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

आधीच्या ओळीवर शंभरातला जेमतेम एक जण क्लिक करत होता. मी लावलं, ‘पोहायला शिका, अनुभवी प्रशिक्षकाकडून’. दोन आठवडे वाट पाहिली. दोन जण. संध्याकाळी तलावाकाठच्या बाकावर माझ्या लॅपटॉपवर आम्ही दोघं वाकायचो आणि त्या दोनाकडे बघत बसायचो. त्याचा दंड माझ्या बाहीपासून बोटभर लांब असायचा. ते बोटभर अंतर मला आकड्यांपेक्षा जास्त स्पष्ट आठवतं.

घरी वहिनीने एकदा माझे केस हुंगले. "काय गं, तू ऑफिसला जातेस की पोहायला?"

"काठावर बसते नुसती."

"काठावर," वहिनी म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन पोटभर हसली.

मग मी तिसरी ओळ लिहिली. ‘दहा दिवसांत पोहायला शिका!’

नऊ! शंभरातले नऊ! मी जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच खाली गेले. फोन वाजत होता, नवीन नावं येत होती, आठवड्यात वर्ग अकरावर गेला. व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, त्यांच्या लेखी ही शाबासकी होती. मास्तरने मात्र नावांची यादी न वाचताच बाकावर ठेवली.

"आवडलं नाही का तुम्हाला?"

"दहा दिवसांत…" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "कुणाला येतं तितक्यात. कुणाला दहा दिवस नुसता श्वास सोडायला लागतात."

"पण आले ना लोक!"

त्याने टॉवेल बाकावर टाकला आणि तो पाण्यात उतरला.

पुढच्या सोमवारी मी काचेतून बघत होते. नव्याने आलेले एक गृहस्थ, सहाव्याच दिवशी, मास्तरची पाठ वळलेली बघून खोल बाजूला गेले आणि शिडी सोडून आत उतरले. दोन हात मारले. मग हात दिसेनासे झाले. काचेमुळे आवाज काहीच येत नव्हता; मला दिसली ती फक्त मास्तरची उडी, पांढरा फेस आणि मग काठावर खोकणारा एक माणूस. मी जिन्याकडे धावले. खाली पोचले तेव्हा ते गृहस्थ टॉवेलात गुंडाळून बसले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दहातले सहा दिवस झाले होते हो… म्हटलं अर्ध्याच्या वर येत असेल."

त्यांच्यासमोर मास्तर मला काही बोलला नाही. बाहेर आल्यावर बोलला.

"तुमची ओळ खरी नव्हती."

"मी मुद्दाम केलं का? आकडे बघा ना तुम्ही…"

"मी माणसं बघतो."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी तिथल्या तिथे फोनवरून ती ओळ काढून टाकली आणि जिना चढले. त्या आठवड्यात नवे सगळे एकेक करून निघून गेले. राहिले ते पहिले चौघे आणि ते टॉवेलातले गृहस्थ. "आता तर शिकलंच पाहिजे," म्हणत ते चिकाटीने राहिले. म्हणजे पाच, आणि हातात महिनाही नव्हता.

तीन दिवस मी काचेला पाठ करून बसले. छतावरच्या लाटांना कुठे पाठ करणार? त्या हलतच होत्या. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ज्या पाण्यावर मी दोन ओळी लिहिल्या, त्यात मी कधी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. टाकणारही नव्हते. सात वर्षांची असताना काकाने ‘आपोआप येतं’ म्हणून मला पाण्यात ढकललं होतं, तेव्हापासून मी आंघोळीचा शॉवरही डोळे उघडे ठेवून घेते.

पाचव्या दिवशी सकाळी सातला, वहिनीचा जुना पोहण्याचा पोशाख घालून, मी तलावाच्या दारात उभी होते.

"मला पाण्याची भीती वाटते," मी म्हटलं.

"माहितीये," मास्तर म्हणाला.

"कशावरून?"

"काठावरून जाताना तुम्ही नेहमी भिंतीला हात लावून चालता. लॅपटॉप दुसऱ्या हातात असला तरी."

म्हणजे तो बघत होता. मी दाराच्या चौकटीवरचा हात काढून घेतला.

"आज काय करायचं?" मी विचारलं.

"पोहायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त उभं राहायचं."

तो आधी उतरला आणि त्याने हात पुढे केला. एक पायरी, दुसरी, तिसरी… पाणी कमरेला आलं तेव्हा मी त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी नखं उमटली. त्याने हात सोडवला नाही. "श्वास घ्या," एवढंच म्हणाला. छातीपर्यंत पाणी आलं, आणि मग कुठून तरी शांतता आली. वरून मी रोज बघायचे तो उजेड आता माझ्या खांद्यांवर, त्याच्या गळ्यावर, आमच्या हातांवर थरथरत होता. शेजारी नर्सबाई तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडत होत्या. मी उभी होते. पाणी मला ढकलत नव्हतं, नुसतं धरून होतं.

"रडताय का?" त्याने हळूच विचारलं.

"पाणी उडालंय."

"बरं," तो म्हणाला. "उडालंय."

त्याच दिवशी, केस ओले असतानाच, मी चौथी ओळ लिहिली. ‘पाण्याची भीती वाटते? पहिल्या दिवशी फक्त उभं राहायचं’. लावण्याआधी त्याला वाचून दाखवली. त्याने ती दोनदा वाचायला लावली.

"ही खरी आहे," तो म्हणाला.

शंभरातले सहा. नऊ नाहीत, सहाच. पण हे सहा पानावर थांबत होते, शेवटपर्यंत वाचत होते, आणि फोनवर पहिलं वाक्य बोलायला वेळ घेत होते. "म्हणजे… खरंच फक्त उभं राहायचं ना?" एक शिंपी आले, मग मायलेकी आल्या, मग दुसऱ्या कुणीतरी दोघी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मला धरून, आम्ही अकरा होतो.

अकराच. व्यवस्थापकांनी वही उघडली. मास्तर त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभा, मी त्याच्या मागे.

"बारा म्हणजे बारा," ते म्हणाले.

"हो," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता.

व्यवस्थापकांनी वहीवर बोट ठेवून नावं पुन्हा मोजली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खाली मान घालून त्यांनी बाराव्या ओळीवर एक नाव लिहिलं. स्वतःचं.

"एकोणीस वर्षं हा तलाव सांभाळतोय," ते पुटपुटले. "कुणी विचारलंच नाही कधी, तुम्हाला येतं का म्हणून. त्या दिवशी तुमची ती ओळ वाचली…" आणि एकदम आवाज चढवून, "बाहेर बोलायचं नाही हे! सात म्हणजे सातला येईन."

बाहेर येईपर्यंत आम्ही दम धरला. दाराबाहेर पडल्यावर मात्र दोघंही भिंतीला टेकून हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तलावाला सुट्टी होती. ‘चहा घेऊ कुठेतरी’ असा त्याचा निरोप आला. बसथांब्यावर तो माझ्या आधी येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. कोरड्या केसांत मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. केस कुरळे होते! इतके दिवस हे माझ्यापासून लपून राहिलं होतं.

"काय बघताय?"

"काही नाही."

बस आली, दार उघडलं. तो चढला नाही. दार बंद झालं.

"चहा?" मी विचारलं.

"हो… म्हणजे आधी एक सांगायचंय. मला नीट बोलता येत नाही. पाण्यात असलो की येतं."

"मला वेळ आहे."

त्याने शर्टाची बाही दुमडली, पुन्हा सरळ केली. दुसरी बस आली, चालकाने आमच्याकडे बघितलं, मान हलवली आणि गेला.

"तू तीन दिवस काचेला पाठ करून बसली होतीस," तो म्हणाला. त्या ‘तू’ने माझ्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. "त्या तीन दिवसांत मी काय शिकवलं, मला आठवत नाही. नर्सबाईच म्हणाल्या, मास्तर, तुम्ही सारखं वर काय बघताय? मी… मला तू आवडतेस. खूप. त्या दिवशी मी बोललो ते खरं होतं, पण तसं बोलायला नको होतं. झालं. एवढंच."

मी त्याच्या मनगटाकडे बघितलं. माझ्या नखांच्या खुणा केव्हाच गेल्या होत्या. मी ते मनगट पुन्हा धरलं, या वेळी हलकेच.

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "आणि मी सोडणार नाहीये."

तिसरी बस आली. आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.