घसा बधिर असेपर्यंत

वालूरच्या चंदानं सोनूला सासूच्या मांडीवर दिलं आणि ती तपासणीच्या खोलीत शिरली. बाहेर रणरणतं ऊन. आत पडदे ओढलेले, फिनेलचा वास, पंख्याची घरघर. रात्रीपासून ती उपाशी होती, पाण्याचा घोटही नव्हता. पोट का दुखतं ते तोंडातून नळी घालून बघायचं होतं.

नर्सनं गळ्यातलं काढायला सांगितलं. गळ्यात सरजाच्या नावाचा, बाईची आकृती कोरलेला चांदीचा टाक होता. सरजा म्हणजे नवऱ्याची पहिली बायको, सासूची सख्खी भाची. ती अशाच पोटदुखीनं गेली. नळीला भिऊन दवाखान्याची पायरी चढलीच नाही. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं उतरवायचा नसतो, असं सासूचं बजावणं होतं.

चंदानं तो काढून नर्सच्या हातावर ठेवला. "ती भ्याली. मला लेकरू वाढवायचंय."

घशात कडू फवारा मारला. जीभ जड झाली, घसा जणू दुसऱ्या कुणाचा. डाव्या कुशीवर निजवून दातांत प्लास्टिकचं कडं दिलं. नळी उतरताना उमासे आले, पण श्वास चालूच होता. नाकानं घ्या, लाळ गळू द्या, असं डॉक्टर सांगत राहिले. लवकरच आटोपलं. आत जखम आहे, गोळ्यांनी भरेल, असं ते म्हणाले. घशाला जाग येईपर्यंत पाणी प्यायचं नाही, घोट श्वासनळीत जाईल, हे नर्सनं बजावलं.

बाहेर सासूनं विचारलं, कसं झालं? चंदानं तोंड उघडलं.

"आत्या... पाणी..."

चंदा सासूला मामी म्हणायची. आत्या म्हणणारी एकटी सरजा. आवाजही तिचाच, घोगरा. सासू सुलाबाई उठली.

"आले गं माय... लय तहानलीस..." तिनं बाटली चंदाच्या ओठांना लावली.

चंदानं ओठ गच्च मिटले, बाटली हिसकून पाणी फरशीवर ओतलं. घसा आतल्या आत हाका मारतच होता. तिनं तोंडावर पदर दाबला, सोनूला छातीशी धरलं. नर्सनं टाक पुढं केला. तिनं नको म्हणून मान हलवली.

बऱ्याच वेळानं घशाला मुंग्या आल्या. थुंकी गिळता आली.

"मामी," आवाज आता तिचा होता, "हा घसा माझा हाय. तिला न्हाई देत मी."

सासू दाराकडं बघत होती. पिंगळी गावचा एक म्हातारा नळीची तपासणी उरकून, बधिर घशानं नुकताच बाहेर येत होता. त्याची सून बाटलीचं टोपण उघडायली होती. चंदा ती बाटली धरायला झेपावली, तेवढ्यात म्हातारा थांबला. त्यानं सुलाबाईकडं बघितलं आणि घोगऱ्या, बाईच्या आवाजात म्हणाला,

"आत्या... ही पिऊ देत न्हाई..."