ताईचं फुलपात्र

हे घडलं आहे, माझ्यासमोर. मला नीट सांगता येईल की नाही, याची शंका आहे. घडलं, याची नाही.

यंदाची बारा एप्रिल. दुपारचे तीन. देवळीतलं आमचं घर.

मी प्रभाकर. वाचनालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे. चार वर्षांचा होईपर्यंत मी बोललोच नव्हतो. माझ्या वतीनं थोरली बहीण रुख्मिणीताई बोलायची. शाळेत माझं नाव तिनं सांगितलं. मुलगी बघायला गेलो तेव्हा पसंतीही तिनंच सांगितली.

ताई जाऊन तीन वर्षं झाली.

माझी नात सुरभी पावणेतीन वर्षांची. एक शब्द बोलत नव्हती. सेवाग्रामला डॉक्टरांनी तपासलं. कान उत्तम होते. "तिच्याशी बोलत राहा, वाट पाहा," म्हणाले.

शेजारच्या नत्थूजींना धीर नव्हता.

"बोलक्या मानसाच्या उष्ट्या भांड्यातलं पानी पाजा, भाऊ. तुमच्या ताईपेक्षा बोलकी बाई देवळीत झाली काय?"

"आत्याबाई तं झोपेतई बोलत होत्या," सून वर्षाली हसली.

उष्टं द्यायचं ते जिवंत माणसाचं. गेलेल्याचं नाही. मला हे माहीत होतं. सांगायचं धाडस झालं नाही. नाव कोरलेलं ताईचं फुलपात्र मांडणीवरून मीच काढून दिलं.

सुरभी दोन घोट प्यायली. नत्थूजी गेले. वर्षाली कुरड्या उलटवायला गच्चीवर गेली.

आणि कूलरचा आवाज बंद झाला...

पंखा मात्र फिरत होता.

बाहेरच्या चिमण्याही गप्प.

मग...

"पर्भाकर, पानी गरम काऊन हाय रे?"

ताईचा आवाज. सुरभीच्या गळ्यातून.

तिचे ओठ मिटलेले होते.

"पोरगी लाजते. तुह्यासारखीच. राहू दे. तिच्या वतीनं मी बोलत जाईन."

सुरभीनं दोन्ही हातांनी गळा धरला होता. ओठ हळूहळू उघडत होते... ती उघडत नव्हती.

ते पूर्ण उघडले, तर आमच्या पोरीचा स्वतःचा आवाज आम्हाला कधीच ऐकू येणार नाही. हे मला कसं कळलं, सांगता येत नाही.

सत्तर वर्षांत ताईला मी कधी नकार दिला नव्हता.

"नाई!" मी ओरडलो. "माह्या वाट्याचं सारं तूच बोलली. पुरे झालं! हे पोरगी दहा वर्षांनं बोलन, नाई तं जन्मभर मुकी राहीन. पन हिच्या तोंडून तू बोलनार नाई, ताई!"

उरलेलं पाणी मोरीत ओतलं. फुलपात्र पालथं घातलं.

कूलर घरघरला. सुरभी रडू लागली... तिच्या स्वतःच्या आवाजात.

वर्षाली धावत खाली आली. "बाबा, कोन ओरडलं?"

"मी."

तिला ते पटलं नाही.

तेव्हापासून रोज तीन वाजता ते फुलपात्र सरळ झालेलं असतं. पाण्यानं काठोकाठ भरलेलं... मी रोज ओततो. रोज पालथं घालतो.

गेल्या आठवड्यात गुडघ्यामुळे मला उशीर झाला.

सुरभी माझ्याआधी मांडणीपाशी पोचली होती. स्टुलावर चढून तिनं पाणी खाली ओतलं, फुलपात्र ठणकन पालथं घातलं, आणि म्हणाली,

"नाई."

तिचा पहिला शब्द.

माझे डोळे भरून आले. पण तो शब्द ती मला म्हणाली नव्हती. फुलपात्रालाही नाही. ती माझ्या खांद्यामागे बघत होती... एखादी बाई उभी असावी, तेवढ्या उंचीवर.

मी वळलो नाही.

"ऐकलं ना, ताई?" एवढंच म्हणालो.

मागून अजून उत्तर आलेलं नाही. आयुष्यभर बोलणारी ताई, आणि आता गप्प.