वळणावरचा पट्टा

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी यात मीठमसाला लावणार नाही, कारण या गोष्टीत सगळ्यात वाईट माणूस मीच आहे.

९ जानेवारी. मंगळवार. सकाळचे पावणेसात.

शिरूर आणि दौंडच्या मधला रस्ता. भीमेचा पूल ओलांडला की थोड्या अंतरावर उजवीकडे एक वळण लागतं. वळणाच्या बाहेर, डाव्या अंगाला कॅनॉल. वळणाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना कळेल.

माझं नाव हनुमंत. गाव वरवंड. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी सुपरवायझर होतो.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या डिसेंबरात आम्हाला याच रस्त्याचे नऊ किलोमीटर पट्टे नव्यानं मारायचे होते. जुने झिजले होते. लोकांना वाटतं पट्टा म्हणजे नुसता रंग. तसं नसतं. गरम रंग ओतला की त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. मग गाडीच्या उजेडात पट्टा चमकतो. धुक्यात समोरचं काही दिसत नाही, तेव्हा ड्रायव्हर डावीकडच्या त्या पट्ट्याकडे बघूनच गाडी चालवतो.

हे मला चांगलं माहीत होतं.

दुपारी चार वाजता आमचा रंग तापवायचा गॅस संपला. फक्त ते वळण राहिलं होतं. दोनशे मीटर.

मशीन चालवणारे ज्ञानूमामा म्हणाले, "हनुमंतराव, वळण राह्यलं. उद्या सकाळी येऊन मारू."

उद्या आमचं काम सणसवाडीला होतं. आणि त्या संध्याकाळी माझ्या बहिणीचा, मोनिकाचा साखरपुडा होता.

मी म्हणालो, "जुना पट्टा दिसतोय की मामा. चला, गुंडाळा."

उन्हात तो दिसत होता. पुसट.

"धुक्यात न्हाई दिसायचा," मामा म्हणाले.

मी ऐकलं नाही. रिपोर्टमध्ये 'नऊ किलोमीटर पूर्ण' लिहिलं. वळणाचा फोटो म्हणून दुसऱ्याच जागेचा फोटो लावला.

अठरा दिवसांनी त्या वळणावर एक मोटारसायकल कॅनॉलमध्ये गेली.

नवरा-बायको होते. भारत आणि सुवर्णा. शेवंती लावायचे. फुलं घेऊन सकाळी शिरूरच्या बाजाराला निघाले होते. दाट धुकं होतं. भारतचा पाय मोडला, तो वाचला.

सुवर्णा वाचली नाही.

पेपरात चार ओळी आल्या. 'धुके व अतिवेग.' मी साइटवर उभं राहून त्या वाचल्या. ज्ञानूमामांनीही वाचल्या. ते माझ्याकडे एकदा बघून मशीन पुसायला लागले.

मी कुणाला काही बोललो नाही.

लोक म्हणाले भारतनं गाडी पळवली. सुवर्णाची आई, गिताबाई, दिवसकार्याच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "तू मारलंस माझ्या पोरीला." हेही माझ्या कानावर आलं. तरी मी गप्प राहिलो.

आणि कागदावर ते वळण रंगवलेलं होतं. त्यामुळे नंतरही कुणी रंगवायला आलं नाही.

दोन वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो नाही. लांबून फिरून जायचो. बायको सारिका विचारायची, "एवढा वळसा कशाला?" मी म्हणायचो, रस्ता खराब आहे.

त्या मंगळवारी नेहमीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली होती. पोलिसांनी सगळ्या गाड्या इकडे वळवल्या.

पुलावर आलो आणि धुकं सुरू झालं.

बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. पण डावीकडे आमचा पट्टा होता. अजूनही चमकत होता. मी त्याच्याकडे बघत चाळीसच्या स्पीडनं चाललो होतो.

पुढे गाडी नाही. मागे गाडी नाही.

इतक्या गाड्या वळवल्या होत्या... गेल्या कुठं?

मग गाडीत आवाज सुरू झाला.

टिंग... टिंग... टिंग...

शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की माझी गाडी असा आवाज करते. जड पिशवी ठेवली तरी करते.

मी बघितलं.

सीट रिकामी होती.

हात लावला. सीट गार होती... आणि ओली.

टिंग... टिंग... टिंग...

गाडीत शेवंतीचा वास भरला. कडवट, ताज्या तोडलेल्या फुलांचा. काचा बंद होत्या.

मी पट्ट्यावरून नजर हलवली नाही. आता तोच एक आधार होता.

आणि अगदी कानाजवळ, हळू, घरातलं माणूस बोलतं तसा एका बाईचा आवाज आला...

"अवं... पट्टा संपला."

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

गाडी घसरली. थांबली. बंद पडली.

टिंग टिंगही थांबलं.

खाली उतरलो. पुढचं डावं चाक कॅनॉलच्या अगदी काठावर होतं. चाकाखालचा एक दगड सुटला आणि धुक्यात खाली पाण्यात पडला.

डुबुक.

मागे वळून बघितलं. जिथपर्यंत मी पट्टा मारला होता, तिथपर्यंत तो होता. मग काळं डांबर.

मी रस्त्यावर बसून रडलो. भीतीनं नाही, लाजेनं.

धुकं उठल्यावर दूधवाल्याला विचारत भारतच्या घरी गेलो. तो ओट्यावर फुलांच्या जुड्या बांधत होता. पाय एका बाजूला ताठ पसरलेला.

"कोण तुमी?"

मी नाव सांगितलं. गॅस संपला तिथपासून खोट्या फोटोपर्यंत सगळं सांगितलं. कानात ऐकलेलं मात्र सांगितलं नाही. तोंडच झालं नाही.

वाटलं, तो मारेल. मारायला हवं होतं.

त्यानं हातातल्या जुडीला गाठ मारली. मग म्हणाला, "तिला दिसलं हुतं."

"काय?"

"माझ्या मागं बसली हुती. मला म्हणली, 'अवं, पट्टा संपला.' मी म्हणलं, गप बस, मला कळतंय. आन् गाडी गेली." त्यानं डोळे पुसले. "ह्ये मी कुणालाच सांगितलं न्हाई. तिच्या आईलाबी न्हाई. तिचं ऐकलं असतं तर..."

तेच शब्द. मी त्याला गाडीतलं सांगितलं. बेल्टचा आवाज, वास आणि ते शब्द.

त्यानं माझा हात घट्ट धरला.

"आणखी काय म्हणली?"

"काही नाही."

"माझं काय? काहीच न्हाई?"

"नाही, भारत."

त्यानं हात सोडला.

मी ऑफिसात सगळं लेखी दिलं. नोकरी गेली. पुढं चौकशी लागली, ती अजून चालू आहे. वळणावर पट्टा मारला गेला. त्या दिवशी ज्ञानूमामांनी मला बोलावून घेतलं. काचेचे मणी मी माझ्या हातानं टाकले. त्यानंतर तिथं अपघात झालेला नाही. एवढं सोपं काम होतं ते. अर्ध्या तासाचं.

फेब्रुवारीत भारत म्हणाला, "सासूकडं चला माझ्यासंगं. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई."

गिताबाई दारात गवार निवडत बसल्या होत्या. भारतला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी समोर बसून सगळं सांगितलं, गाडीतलंही. त्यांचे हात थांबले नाहीत. ऐकून झाल्यावर त्या जावयाला एवढंच म्हणाल्या, "बस. उभा नगं ऱ्हाऊ त्या पायावर."

मग माझ्याकडे वळल्या.

"तिला ठावं असंल का रं, त्यो पट्टा कुणी मारला न्हाई ते?"

"माहीत नाही, मावशी."

"ठावं असंल," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला समदं ठावं असतं."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. खरोखरच कळत नसल्यासारखं.

"मग तुला का थांबवलं तिनं?"

मी मान खाली घातली. अजून वर करता आलेली नाही.