दिवा कुणासाठी लागतो

तीन दिवस ढिम्म बसलेला दिवा एकदम लागला, आणि ती ओरडली, "हलू नका!"

मागच्या दाराने चुकून प्रयोगशाळेत आलेला माणूस एका पायावर थांबला. हातात नव्या सेन्सरचं खोकं. "किती वेळ?"

"माझा आनंद ओसरेपर्यंत," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

अशी त्यांची ओळख झाली. मेंदूच्या धर्तीवर बनवलेली चिप तिची. डोळा, कान आणि जमिनीची थरथर टिपणारे नवे सेन्सर त्याचे. तिघांपैकी दोघांनी एकच खबर दिली की चिपने जागं होऊन दिवा लावायचा, एरवी गाढ झोपायचं. म्हणून तर बटणाएवढ्या सेलवर चिप वर्ष काढणार होती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरात, कुणी आलं की सांगायला.

चिपला शिकवायचं म्हणजे कुणीही आत आलं की एक कळ दाबायची. सोपं काम! पण साफसफाईच्या मावशी येत, साहेब येत, तेव्हा ती तारांत गढलेली असे... राहून जाई. तो मात्र गुणगुणत येई, आणि तिचं बोट आधीच कळीवर.

"तुम्ही मला बघून हसता की दिव्याला?"

"दिव्याला. तो निदान वेळेवर येतो."

दोन महिन्यांनी चाचणी झाली. साहेब आत आले. दिवा मख्ख. मावशी आल्या. मख्खच. शेवटी तो आला — आणि लख्ख उजेड!

"एकालाच ओळखतात? सेन्सर कुचकामी आहेत," साहेब त्याला म्हणाले. "तुमचं काम आजपासून बंद."

तो खाली मान घालून तारा सोडवायला वाकला. गप्प बसली तर तिची लाज राहत होती, पण तो जात होता.

"सेन्सर उत्तम आहेत, सर. चूक माझी. कळ मी... फक्त हे आले की दाबायचे."

मावशींनी तोंडावर हात धरला. साहेब खाकरले. "आठवडा देतो. आता जरा आमच्याकडेही लक्ष द्या."

सगळे पांगले. तोही गेला, तिच्याकडे न बघताच. तिला रडूच आलं. कशाला बोलले मी?

तेवढ्यात दिवा लागला. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. बंद दाराबाहेर मात्र पावलं घुटमळत होती, आणि एक अर्धवट गुणगुण.

"आत या ना," ती डोळे पुसत म्हणाली. "दिव्याने केव्हाच सांगितलंय."

दार हळूच उघडलं. "आधी कळ दाबा... मी आता जे बोलणार आहे, ते चिपच्या लक्षात राहिलेलं बरं." त्याने एक श्वास घेतला. "मला तुम्ही फार आवडता. त्या दिवशी एका पायावर उभा होतो ना, तेव्हापासून."

तिने खाली पाहिलं. बोट कळीवर आधीच होतं.